चाकाला हवा देणारा पशुवैद्य

नवी एसयूव्ही दाराशी आली, की चार-सहा महिन्यांच्या आत तिच्या मालकाच्या मनात एक विचार हमखास डोकावतो. कंपनीने बसवून दिलेले टायर जरा किरकोळच दिसतात. त्यांच्या जागी थोडे उंच आणि थोडे रुंद टायर घातले, तर गाडीला रुबाब येईल आणि गावाकडच्या खडकाळ वाटेवर तिचे पोटही घासणार नाही. सस्पेन्शनला हात लावण्याची इच्छा नसते आणि बहुधा ऐपतही नसते. ते मूळचेच राहणार असते. अशा वेळी टायरच्या बाजूवर कोरलेले २३५/६५ आर १७ यासारखे आकडे समोर येतात आणि नेमके कोणते माप घ्यावे, हा प्रश्न पडतो. सायकलच्या दुकानात अठ्ठावीस बाय दीडचा टायर मागणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याच्या सायकलीचा चिमटा आणि रिम दोन्ही त्याच मापासाठी घडवलेले असतात.

हवेच्या टायरचे माप आणि त्याला सामावून घेणारा गाडीचा सांगाडा यांचा मेळ घालण्याचा प्रश्न प्रथम ज्यांच्यापुढे उभा राहिला, त्यांत बेलफास्ट शहरातील एक गृहस्थ होते. ते अभियंते नव्हते, कारखानदार नव्हते. घोड्यांवर आणि गुरांवर उपचार करणारे पशुवैद्य होते. त्यांचे नाव जॉन बॉइड डनलॉप. हे नाव पुढे टायरवर, गाद्यांवर, टेनिसच्या चेंडूंवर इतके उमटले, की ते एका हाडामांसाच्या माणसाचे होते याचाच जगाला विसर पडला. आपल्या नावावरचा हक्क सांगण्यासाठी त्या माणसाला आयुष्याच्या अखेरीस न्यायालयाची पायरी चढावी लागली, ही गोष्ट तर फार थोड्यांना ठाऊक आहे.

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील आयर्शायर परगण्यात, ड्रेगहॉर्न या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. दिवस पूर्ण भरण्याआधीच जन्मलेले हे मूल नाजूक प्रकृतीचे असल्याची समजूत घरात रूढ झाली होती आणि ती पुढे आयुष्यभर त्यांच्या सोबतीला राहिली. स्वत:च्या प्रकृतीला जपून, दगदग टाळून वागण्याची सवय त्यांना लागली. शेतीच्या कामापेक्षा शिक्षणाकडे त्यांचा ओढा होता. एडिंबरा येथील डिक पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि वयाच्या अवघ्या १९ व्या वर्षी ते पशुवैद्य म्हणून उत्तीर्ण झाले. जवळजवळ दहा वर्षे एडिंबरा येथे व्यवसाय केल्यानंतर १८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले. तेथे डाउनपॅट्रिक या गावी बंधू जेम्स यांच्यासह त्यांनी दवाखाना काढला आणि नंतर बेलफास्टच्या मे स्ट्रीटवर बस्तान बसवले. १८७१ मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला एक मुलगी आणि एक मुलगा अशी दोन अपत्ये झाली.

त्या काळी शहराचा सारा व्यवहार घोड्यांच्या पायांवर चालत असे. मालवाहू गाड्या, प्रवासी बग्ग्या, ट्राम या सर्वांना घोडेच लागत. साहजिकच पशुवैद्याला कामाची उणीव नव्हती. १८८५ च्या आसपास डनलॉप यांचा दवाखाना आयर्लंडमधील सर्वांत मोठ्या पशुवैद्यकीय दवाखान्यांपैकी एक गणला जाऊ लागला होता आणि त्यांच्या पदरी बारा नालबंद कामाला होते. रस्त्याचा दगड आणि त्यावर आपटणारे लोखंड यांचा परिणाम घोड्याच्या खुरावर आणि सांध्यांवर काय होतो, हे त्यांच्याइतके रोजच्या रोज पाहणारे लोक थोडेच असतील. चाळिशी उलटलेल्या, पांढरी होऊ लागलेली दाढी राखणाऱ्या या सुखवस्तू गृहस्थाला नव्या धंद्याची अथवा प्रसिद्धीची काहीही निकड नव्हती.

निमित्त घडले ते मुलाचे. जॉनी हा त्यांचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा तीनचाकी सायकल चालवीत असे. बेलफास्टचे रस्ते दगडी चिऱ्यांचे, मधून ट्रामचे रूळ गेलेले. सायकलीच्या चाकांवर भरीव रबराची पट्टी असे. ती रबराची म्हणायची एवढेच, धक्का शोषण्याच्या कामी तिचा उपयोग बेताचाच होता. प्रत्येक चिऱ्याचा हादरा थेट मुलाच्या अंगात उतरे.

या हादऱ्यांचे मूळ चाकाच्या मापात होते. त्याआधीच्या काळात जी उंच सायकल प्रचलित होती, तिचे पुढचे चाक माणसाच्या छातीपर्यंत पोहोचेल एवढे मोठे असे. मोठे चाक लहान खड्ड्यात उतरत नाही, त्यावरून तरंगत जाते. त्यामुळे त्या सायकलीवर हादरे तुलनेने कमी बसत. मात्र तिच्यावरून पडणारा माणूस डोक्यावर पडत असे. १८८५ मध्ये जॉन केंप स्टार्ली यांची रोव्हर ही सुरक्षित सायकल बाजारात आली. साखळीमुळे तिची चाके लहान करता आली, स्वाराचे पाय जमिनीला टेकू लागले आणि पडण्याचे भय कमी झाले. परंतु चाक लहान झाल्याने प्रत्येक खड्डा जाणवू लागला. सुरक्षितता मिळाली, पण हाडे खिळखिळी होऊ लागली. उंच चाकाचे सुख लहान चाकाला कसे द्यायचे, हा त्या दशकातील सायकल व्यवसायापुढचा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर सायकलीच्या कारखान्यातून आले नाही. ते पशुवैद्याच्या अंगणातून आले.

१८८७ च्या अखेरीस डनलॉप यांनी आपल्या वाड्याच्या आवारात एक साधा प्रयोग केला. सुमारे ९६ सेंटिमीटर व्यासाची लाकडी तबकडी त्यांनी करवून घेतली. पातळ रबरी पत्र्याची नळी बनवली, ती तबकडीच्या कडेभोवती बसवली, वर तागाच्या कापडाचे आवरण घालून ते खिळ्यांनी ठोकले आणि फुटबॉलच्या पंपाने नळीत हवा भरली. मग तीनचाकीचे एक चाक आणि ही तबकडी अशी दोन्ही त्यांनी आवारात सोडून पाहिली. सायकलीचे चाक थोडे अंतर जाऊन आडवे झाले. हवेची तबकडी मात्र आवाराच्या टोकापर्यंत गेली, फाटकाच्या खांबावर आदळली आणि उसळून मागे आली. धक्का कमी व्हावा एवढ्याच हेतूने त्यांनी हवा भरली होती. त्या हवेने चाकाची ओढही हलकी केली, हे या प्रयोगात उघड झाले. मऊ चाक म्हणजे मंद चाक, ही तोवरची समजूत त्या अंगणात खोटी ठरली.

याचे कारण आज कोणालाही समजण्याजोगे आहे. कडक चाकासमोर खडा आला, की सारे वाहन, त्यावरील माणसासह, उचलले जाते. उचलण्यासाठी लागणारी शक्ती वेगातून वजा होते. हवेच्या टायरमध्ये खड्यापुरता भाग तेवढा आत दबतो आणि वाहन जवळपास आपल्या पातळीवरच पुढे जाते. दबलेली हवा खडा ओलांडताच आपली शक्ती बरीचशी परतही करते. धक्का शोषणे आणि वेग राखणे ही दोन कामे परस्परविरोधी नाहीत, हा डनलॉप यांच्या शोधाचा गाभा होता.

१८८८ च्या आरंभी जॉनीच्या तीनचाकीच्या मागच्या दोन चाकांना असे टायर चढले. पाठोपाठ दुचाकीवर प्रयोग सुरू झाले आणि दक्षिण बेलफास्टमधील चेरीव्हेल मैदानावर त्यांची परीक्षा पाहिली गेली. जुलै १८८८ मध्ये डनलॉप यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि ७ डिसेंबर १८८८ रोजी ते मंजूर झाले.

मात्र पेटंट हाती आले म्हणून टायर कोणत्याही सायकलीवर चढत नव्हता. प्रचलित सायकलींचे चिमटे भरीव रबराच्या अरुंद पट्टीच्या बेताने केलेले होते. हवेचा जाडजूड टायर त्यांत मावतच नसे. मावला तरी दोन्ही बाजूंनी घासे. तेव्हा बेलफास्टच्या एडलिन आणि कंपनी या सायकल बनविणाऱ्यांकडून रुंद चिमट्यांचे खास सांगाडे तयार करवून घ्यावे लागले. टायर बदलायचा तर सांगाडाही बदलला पाहिजे, हा धडा हवेच्या टायरने जन्मत:च शिकवला. टायर रिमवर बसविण्याची रीत तर पुरती पशुवैद्याची होती. रबरी नळीवर कापडाचे वेष्टन, त्याच्या पट्ट्या आऱ्यांमधून घेऊन रिमभोवती गुंडाळलेल्या, सारे रबराच्या द्रावणाने चिकटवलेले. जखमी घोड्याच्या पायाला पट्टी बांधावी तसे ते चाक दिसे. बघ्यांनी त्याची यथेच्छ कुचेष्टा केली.

ही कुचेष्टा एका दुपारीच थांबली. विली ह्यूम हा बेलफास्टच्या एका सायकल क्लबचा कर्णधार. हवेच्या टायरची सायकल विकत घेणारा पहिला ग्राहक तोच. डनलॉप यांनी ती शर्यतीत उतरविण्याची सूचना त्याला केली. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर झालेल्या सायकलीच्या चारही शर्यती ह्यूमने जिंकल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांनी लिव्हरपूल येथे एक वगळता सर्व शर्यती त्याने खिशात घातल्या. ह्यूम हा काही त्या काळातील अजिंक्य स्वार नव्हता. त्याच्यापेक्षा नावाजलेले स्वार मागे पडले, तेव्हा लोकांच्या नजरा स्वारावरून चाकाकडे वळल्या.

हरलेल्या स्वारांत डब्लिनचे कागदाचे व्यापारी हार्वे द्यू क्रो यांचे पुत्र होते. द्यू क्रो हे आयर्लंडमधील सायकलपटूंच्या संघटनेचे अध्यक्ष आणि धंद्याची नजर असलेले गृहस्थ. मुलांच्या पराभवाचे दु:ख करीत न बसता त्यांनी मुलांना हरविणाऱ्या वस्तूची चौकशी केली. १८८९ मध्येच डब्लिन येथे टायरची कंपनी उभी राहिली. डनलॉप यांनी आपले पेटंट तिच्या स्वाधीन केले आणि मोबदल्यात रोकड व भाग स्वीकारले. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेल्या, प्रकृतीला जपणाऱ्या माणसाला धंद्याची धुरा दुसऱ्याने वाहावी असे वाटले, तर त्यात नवल नव्हते.

दोन वर्षे होतात न होतात तोच वज्राघात झाला. डनलॉप यांचे पेटंट अवैध असल्याचे कळवण्यात आले. हवेच्या चाकाची कल्पना त्यांच्याही आधी, १८४५ मध्ये, दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने पेटंट करून ठेवलेली होती. स्टोनहेवन येथे जन्मलेले रॉबर्ट विल्यम थॉमसन हे ते संशोधक. रबर लावलेल्या कापडाची नळी आणि तिच्यावर कातड्याचे आवरण, असे त्यांच्या टायरचे स्वरूप होते. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोड्याच्या गाडीला ही चाके लावून त्यांनी प्रात्यक्षिकही दाखवले होते. चाके आवाज न करता सुरळीत चालली, गाडी ओढायला हलकी झाली. तरीही हा शोध विस्मृतीत गेला. थॉमसन १८७३ मध्ये निवर्तले. डनलॉप यांना त्यांच्या या कामाची माहिती नव्हती.

थॉमसन यांची बुद्धी कमी पडली असे मुळीच नाही. कमी पडला तो काळ. १८४५ मध्ये सायकल नव्हती, मोटार नव्हती. घोड्याच्या जड गाडीला तो टायर महाग पडे. पातळ, टिकाऊ रबर स्वस्तात मिळण्याची सोय नव्हती. डनलॉप यांच्या वेळी मात्र लहान चाकाची, हादऱ्यांनी हैराण करणारी सुरक्षित सायकल जणू त्या टायरची वाटच पाहत होती. एकच वस्तू चाळीस वर्षांच्या अंतराने एकदा निरुपयोगी आणि एकदा अमूल्य ठरली, ती तिला शोभणारे वाहन भेटले की नाही एवढ्यावरूनच. डनलॉप यांना पहिल्या संशोधकाचा मान कायद्याने नाकारला. पहिला उपयोगी टायर त्यांचा, हे मात्र कोणीही नाकारू शकले नाही.

मूळ पेटंट गेल्यावर कंपनी बुडायची ती तरली, याचे श्रेय द्यू क्रो यांच्या धोरणाला आणि आणखी दोन शोधांना द्यावे लागेल. चिकटवलेला टायर पंक्चर झाला, की सारे वेष्टन सोडवावे लागे. रस्त्यात अडकलेल्या स्वाराला ते काम करवणे शक्य नव्हते. १८९० मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी टायरच्या दोन्ही कडांत न ताणली जाणारी तार घालून तो खोलगट रिममध्ये बसविण्याची युक्ती काढली. त्याच सुमारास विल्यम अर्स्किन बार्टलेट यांनी टायरची फुगीर कड रिमच्या वळलेल्या काठात अडकवण्याची रीत शोधली. कंपनीने या दोन्हींचे हक्क मिळवले. आता टायर काढता येऊ लागला, पंक्चर काढता येऊ लागले. आणि टायर व रिम यांची मापे एकमेकांशी तंतोतंत जुळलीच पाहिजेत, हेही ओघानेच आले. आज मोटारीच्या टायरवर जो शेवटचा आकडा रिमचा व्यास सांगतो, त्याची गरज तारेच्या त्या न ताणल्या जाणाऱ्या वळ्यातून निर्माण झाली आहे.

कंपनी हा हा म्हणता वाढली. डब्लिनच्या कारखान्यातील रबराच्या आणि द्रावणाच्या वासाबद्दल नगरपालिकेने तक्रार केली, तेव्हा बरेचसे उत्पादन इंग्लंडमधील कॉव्हेंट्री या सायकलींच्या शहरात हलविण्यात आले. डनलॉप यांनीही पशुवैद्यकीचा व्यवसाय सोडून डब्लिनला बिऱ्हाड केले होते. परंतु द्यू क्रो यांच्या धडाक्याशी त्यांच्या शांत, काटेकोर स्वभावाचे सूर जुळले नाहीत. १८९६ च्या सुमारास ते कंपनीतून बाहेर पडले आणि आपले भाग त्यांनी विकून टाकले. त्याच वर्षी टेरा हूली या सटोडियाने ती कंपनी ३० लाख पौंडांना घेतली आणि लगोलग ५० लाख पौंडांच्या भांडवलावर पुन्हा बाजारात आणली. या उलाढालीने अनेकजण गबर झाले. ज्यांच्या अंगणात ती तबकडी घरंगळली होती, त्यांच्या वाट्याला मात्र फार मोठी संपत्ती आली नाही. डब्लिनमधील एका कापड दुकानाच्या कंपनीत त्यांनी पैसे गुंतवले आणि ते स्वस्थपणे राहू लागले.

एवढ्यावर हकिगत संपती, तर ती चारचौघा संशोधकांसारखी झाली असती. पण कंपनीजवळ त्यांची आणखी एक वस्तू राहिली होती. ती म्हणजे त्यांचे नाव आणि त्यांचा चेहरा. आरंभीच्या दिवसांत दाढीधारी डनलॉप यांचे चित्र व्यापारचिन्हात वापरण्यास त्यांनी संमती दिली होती. वर्षे लोटली, जाहिरातींची तऱ्हा बदलली. कंपनीच्या जाहिरातींत तेच दाढीचे मस्तक एका उंच, छानछोकी माणसाच्या धडावर बसविण्यात आले. डोक्यावर उंच पांढरी टोपी, अंगात पांढरे जाकीट, हातात छडी, डोळ्याला एकभिंगी चष्मा. साधेपणाने राहणाऱ्या या वृद्धाला आपले हे रूप म्हणजे विटंबना वाटली. आपण असे दिसत नाही, असे वागत नाही आणि या जाहिरातींनी लोकांच्या नजरेत आपली अप्रतिष्ठा होते, असे म्हणत त्यांनी आयर्लंडमधील न्यायालयात दाद मागितली. कंपनी इंग्लंडमधील; तेव्हा तिच्यावर आयर्लंडमध्ये खटला चालू शकतो का, हा वाद थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. तेथे डनलॉप यांच्या बाजूने कौल मिळाला. १९२१ च्या निवाड्यांच्या संग्रहात तो नोंदलेला आहे. डनलॉप हे वादी आणि डनलॉप हीच प्रतिवादी, असा तो खटला. टायर त्यांनी सुखासुखी देऊन टाकला होता. स्वत:ची प्रतिमा मात्र दुसऱ्याच्या मापाने बेतलेली त्यांना खपली नाही.

२३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनच्या बॉल्सब्रिज भागातील राहत्या घरी डनलॉप यांचे निधन झाले. डीन्सग्रेंजच्या दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. नाजूक प्रकृतीचे म्हणून जपलेले ते मूल ८१ वर्षे जगले. हवेच्या टायरच्या इतिहासाविषयी त्यांनी केलेले लेखन त्यांच्या पश्चात कन्येने प्रसिद्ध केले. पुढे नॉर्दर्न बँकेच्या दहा पौंडांच्या नोटेवर त्यांची छबी झळकली. या वेळी धड आणि डोके दोन्ही त्यांचेच होते.

भारतात हे नाव १९३६ मध्ये पश्चिम बंगालमधील साहागंज येथे उभ्या राहिलेल्या कारखान्याने घरोघरी नेले. तो कारखाना आज बंद पडलेला आहे. पण फोमच्या गादीला डनलॉपची गादी म्हणण्याची सवय महाराष्ट्रातील जुन्या पिढीच्या जिभेवरून गेलेली नाही. हवेच्या टायरचा उपयोग येथे केवळ मोटारीपुरता राहिला नाही. लाकडी चाकाला लोखंडी धाव असलेली बैलगाडी मागे पडून पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या परिसरात रबरी टायरची बैलगाडी आली. ऊसतोडणीच्या हंगामात तिला टायरगाडी याच नावाने ओळखतात. हवेच्या चाकामुळे बैलांची ओढ हलकी झाली, हे तर खरेच. पण गाडी हलकी चालते म्हणून तिच्यावर उसाचा बोजा वाढत गेला आणि वाचलेली शक्ती बैलांना मिळाली नाही. चाक किती वाहू शकते एवढेच पाहिले आणि बैलाचा खांदा व गाडीचा आस यांची मर्यादा विसरली, की असे होते. एका पशुवैद्याच्या शोधाची ही परिणती त्यांना रुचली नसती, असे मानायला जागा आहे.

मर्यादेचा हाच हिशेब दाराशी उभ्या असलेल्या एसयूव्हीलाही लागू पडतो. २३५/६५ आर १७ या मापात २३५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ ही रुंदीच्या टक्केवारीतील बाजूची उंची आणि १७ हा रिमचा इंचांतील व्यास. हिशेब केला तर संपूर्ण टायरचा व्यास सुमारे ७३७ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी २४५/७० आर १७ घेतला, तर तो सुमारे ७७५ होतो. गाडी जमिनीपासून जेमतेम १९ मिलिमीटर उंचावते. पण तेवढेच १९ मिलिमीटर टायर मडगार्डच्या जवळ सरकतो, वरूनही आणि पुढून-मागूनही. स्प्रिंग पूर्ण दबली किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवले, की तो आत घासू लागण्याचा संभव असतो. चाकाचा घेर पाच टक्क्यांनी वाढल्याने वेगदर्शक पूर्वी ताशी ६० किलोमीटरचा वेग जसा दाखवत होता, तसाच दाखवत राहतो आणि गाडी प्रत्यक्षात ६३ ने धावत असते. टायर जड झाला, तर मूळच्या चाकाच्या वजनाला जुळवलेले शॉक ॲब्सॉर्बर त्याला आवरताना थकतात. इंजिनालाही प्रत्येक वेळी अधिक घेराचे चाक फिरवावे लागते.

म्हणूनच सस्पेन्शन मूळचेच ठेवायचे असेल, तर टायरचा एकूण व्यास मूळच्या दोन-तीन टक्क्यांच्या आत राखावा, रुंदी रिमला मानवेल तेवढीच घ्यावी आणि भारक्षमतेचा आकडा मूळच्या टायरपेक्षा कमी असू नये, असा जाणकारांचा सल्ला असतो. भारक्षमतेचा १०४ हा आकडा एका टायरवर ९०० किलो, तर १०० हा आकडा ८०० किलो भार दर्शवतो. दिसायला दोन आकड्यांतील फरक चारचाच. चार चाकांवर तो ४०० किलोंचा होतो. बसविल्यानंतर गाडी भरलेली असताना स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून टायर कोठे टेकतो का, हे पाहून घेणेही तितकेच अगत्याचे. आणि याहून मोठा टायर हवाच असेल, तर एडलिनच्या कारखान्यात जे करावे लागले, तेच करणे प्राप्त आहे. आधी सांगाडा बदलायचा, मग टायर.

मोठे चाक म्हणजेच सुखाचे चाक, या समजुतीवर डनलॉप यांनी १८८७ साली आपल्या अंगणात उत्तर शोधले होते. त्यांनी मुलाच्या सायकलीचे चाक उंच केले नाही. चाकात हवा भरली, त्या हवेला पुरेशी जागा करून दिली आणि जागा नव्हती तेथे चिमटा रुंद करवून घेतला. गाडीच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने चिकटवलेल्या छोट्याशा पट्टीवर टायरचे माप आणि हवेचा दाब आजही छापलेला असतो. टायरच्या दुकानात शिरण्यापूर्वी ती पट्टी एकदा वाचणे, हे त्या बेलफास्टच्या पशुवैद्याच्या शोधाची कदर करण्यासारखेच आहे.